मंगळवारचे खाडे

सकाळचा पहिला चहा मी अजून उभ्यानेच पिते. ओट्याला कंबर टेकवायची, बशीत ओतायचा आणि फुर्र करून संपवायचा. लेकीची सात वर्षांची पोर, माझी नात, शाळेसाठी आमच्याकडेच असते; ती रोज माझ्यासाठी पाट सरकवते. "आजी, खाली बस की." मी म्हणते, सवय आहे बाई. ती सवय कुठून लागली हे तिला सांगितलं, तर दुपारपर्यंत तिच्या सगळ्या वर्गाला आणि संध्याकाळपर्यंत मांजरसुंब्याच्या धाब्यांवर कळेल, कारण ती माझीच नात आहे. म्हणून लिहून ठेवते. वाचेल कधीतरी.

ही गोष्ट माझ्या बुडाची आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना नाकाला पदर लावायचा त्यांनी लावून घ्यावा. शौचाच्या जागी एक चीर पडली आणि सहा महिने भरली नाही, एवढंच झालं. पण ते सहा महिने मी ज्या अकलेने काढले, ती अक्कल बघण्यासारखी होती. तेव्हा मी सत्तावन्न वर्षांची होते. त्या वयात माणूस पोक्त होतो असं म्हणतात. कोण म्हणतं कोण जाणे.

सुरुवात लग्नसराईत झाली. आमच्या मालकांची सरपंचकी सुटून दोन वर्षं झाली होती, पण लग्नांना हजेरी लावायची हौस सरपंचाचीच. एका दिवसात तीन-तीन लग्नं. जीपमध्ये पुढे-मागे सहा पुरुष आणि कोपऱ्यात मी. अशा प्रवासात बाईमाणसाने काय करायचं ते मला सासूने शिकवून ठेवलं होतं: पाणी प्यायचं नाही. पाणी प्यालं की गाडी थांबवावी लागते, गाडी थांबवली की पुरुषांना कळतं. कळलं की पुढे काय होतं ते सासूने सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नाही. पस्तीस वर्षं नुसतं पाळलं. वैशाखाच्या उन्हात दिवसभर ओठ ओले करण्यापुरतं पाणी, आणि पोटात पुरी, बुंदी, बटाट्याची भाजी. असे पंधरा दिवस. नवी सून होते तेव्हा अंगाने हे सगळं मुकाट्याने सोसलं होतं. या वेळी सोसलं नाही.

सोळाव्या दिवशी सकाळी आत गेले आणि बाभळीचा काटा आडवा घुसावा तसं झालं. भिंतीला धरून बसले. खाली पाहिलं तर लाल. बाहेर आले तर ठणका सुरू, तो दुपारच्या स्वयंपाकापर्यंत. कुणीतरी हिरवी मिरची वाटून तिथे लेप दिलाय असा. मालकांनी विचारलं, "काय झालं? तोंड का असं?"

"पाठीत उसण भरली."

ती उसण पुढे सहा महिने भरलेलीच राहिली. घरात येणारा जो तो मला पाठीचे उपाय सांगायचा. कुणी तेल आणून दिलं, कुणी पट्टा. मी सगळ्यांना हो म्हणायचे आणि उभ्याने चहा प्यायचे.

जाऊबाईंना मात्र फसवता आलं नाही. त्या थोरल्या. त्यांचं घर आमच्या घराला लागून आहे, मधे फक्त एक बुटकी भिंत. मी एका कुल्ल्यावर रेलून भाजी निवडत होते. त्यांनी भिंतीवरून एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "पाठ न्हाई ती. मूळव्याध हाय तुला."

"हळू बोला की!"

"हळू बोलून बरी हुती व्हय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी तांब्याची एक अंगठी आणून दिली. म्हणे ही पायाच्या बोटात घातली की मूळव्याध बसते. मी घातली. मॅट्रिकपर्यंत शिकलेली, महिला बचत गटाच्या बायकांना औषधांवरची तारीख वाचून दाखवणारी मी, पायात तांब्याची अंगठी घालून सहा आठवडे हिंडले. मूळव्याध बसली नाही. मलाही बसता येईना. बोट मात्र हिरवं झालं.

त्यातच लेकीचा फोन आला. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी. मार्गशीर्षात तारीख.

आता ही आनंदाची बातमी मला का लागली ते सांगायला हवं. आमच्याकडे बाळाला न्हाऊ घालतात ते पायांवर घेऊन. बाईने मोरीत पाटावर बसायचं, दोन्ही पाय लांब पसरायचे, बाळाला पोटरीवर पालथं घालायचं, तेल लावायचं, डाळीचं पीठ लावायचं, वरून कढत पाणी. अर्धा तास तरी बैठक. माझ्या स्वतःच्या लेकीला मी असं एकदाही न्हाऊ घातलेलं नाही. माहेरी होते तोवर आईने घातलं. सासरी आले तर जाऊबाई पाय पसरून तयार. "तुझं पाय लई बारीक हायती. पोर घसरंल." आणि मी, बावीस वर्षांची शेळी, बाजूला टॉवेल घेऊन उभी राहिले. मुलगा झाला तेव्हाही टॉवेल. दोन लेकरं माझी, आणि त्यांच्या अंगावरचं पाणी मी फक्त पुसलं. एकदा तोंड उघडून म्हणायला काय झालं होतं, की माझं पोर आहे, घसरलं तर माझ्याच पायावरून घसरेल? पण नाही. तेव्हा मला वाटायचं, चांगली सून गप्प असते.

आता पाय चांगले खांबासारखे झाले होते. नातवंड येणार होतं. आणि मला पाटावर पाच मिनिटंही बसता येत नव्हतं. भिंतीपलीकडून जाऊबाई म्हणाल्या, "तू नगं काळजी करू. मी हाय की. न्हाऊ मी घालीन."

मला अंगठी काढून त्यांच्या अंगणात फेकावीशी वाटली. पण तेवढ्यात त्यांनीच दुसरा उपाय सांगितला: सोळा सोमवार धर.

श्रावण लागतच होता. मी महादेवापुढे हात जोडले आणि म्हणाले, मार्गशीर्षाच्या आत हे बरं कर, मला नातवंडाला न्हाऊ घालू दे, मी सोळा सोमवार करते. जाऊबाईंचे नियम कडक. दिवसभर पाण्याचा थेंब नाही. संध्याकाळी पूजा, मग गव्हाच्या पिठाचा चुरमा, तूप-गूळ घालून, बिनमिठाचा. तोही एकाच बैठकीत. त्याच बैठकीत काय ते पाणी प्यायचं. उठलं की संपलं. दुसरं काही तोंडात घालायचं नाही. मी सगळे नियम पाळले. बैठक तेवढी जमेना, म्हणून उशीवर एक मांडी टेकवून, दुसरी अधांतरी ठेवून चुरमा खायचे. हातात तांब्या, तोंडात कोरडा चुरमा, डोळ्यांत पाणी. महादेवाला वाटत असेल, काय भक्ती आहे!

पाच सोमवार झाले. आणखीच वाईट. सकाळ झाली की छातीत धडधड. जावं लागू नये म्हणून कमी जेवायचे, कमी जेवले की खडा व्हायचा, खडा झाला की पुन्हा चीर. शेवटी डॉक्टरकडे जायचं ठरवलं. बीडला नको, कारण तिथल्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर आमच्या बैठकीत चहा पिऊन गेलेला एखादा माणूस असणारच. "वहिनी, इकडं कशा?" म्हणून विचारेल आणि मी काय सांगू? म्हणून अंबाजोगाई. घरी सांगितलं, लेकीसाठी सुईणीची चौकशी करून येते. एसटीत दोन तास उभी राहून गेले. कंडक्टर दोनदा म्हणाला, "मावशी, जागा आहे, बसा." मी म्हणाले, मला उभं राहायला आवडतं.

तिथल्या सर्जन डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाच्या. एक मिनिट तपासलं, तेवढ्यात मी सगळे देव आठवून घेतले. मग म्हणाल्या, "मूळव्याध नाहीये आजी. ही चीर आहे. फिशर."

"अंगठी मूळव्याधीची होती," मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत, बिचाऱ्या. म्हणाल्या, "हिवाळ्यात टाचेला भेग पडते ना? रोज त्याच भेगेवर ओझं दिलं तर भरेल का? हे तसंच आहे. दुखतं म्हणून तिथला स्नायू आवळून धरतो, आवळला की रक्त नीट पोचत नाही, म्हणून भरत नाही." मग उपाय सांगितले. पोट मऊ राहायला रात्री इसबगोल, आणि त्यावर भरपूर पाणी. एक गोड सिरप. भाज्या, फळं. जावंसं वाटलं की लगेच जायचं, थोपवायचं नाही, कुंथायचं नाही. जाऊन आल्यावर दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्याच्या टबात बसायचं. आणि एक मलम, हरभऱ्याएवढं, दिवसातून दोनदा. त्याने स्नायू सैल पडतो. डोकं दुखेल, गरगरेल, म्हणून लावून जरा पडून राहायचं. सहा ते आठ आठवडे. बरं वाटलं तरी मधे सोडायचं नाही.

"आणि नाहीच भरलं तर?"

"तर लहानसं ऑपरेशन. घाबरण्यासारखं नसतं. पण आधी हे नीट करून बघू. उपास करता का?"

"करतोच की. सगळ्याच बायका करतात."

एवढंच बोलले. सोमवारचं सांगितलं नाही. वाटलं, देवाचं ते देवाचं, डॉक्टरचं ते डॉक्टरचं. निघताना त्यांनी बजावलं, रक्त ज्या दिवशी दिसेल त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा, पुढच्या वेळी घेऊन या, नुसतं 'अधूनमधून' म्हणू नका.

येताना टब घेतला. दुकानदाराला म्हटलं नातवंडासाठी, म्हणून त्याने कौतुकाने गुलाबी दिला, तळाशी बदक छापलेला. त्या बदकावर मी रोज सकाळी बसू लागले. खरं सांगते, त्या कोमट पाण्यात टेकलं की पहिल्यांदा कळायचं, आपण किती आवळून धरलंय ते. ठणका हळूहळू उतरायचा. मी डोळे मिटून बसायचे आणि बाहेरून मालकांचा आवाज यायचा.

"टब बाळाचा, आणि बाळ तर अजून यायचंय ना? रोज पाणी कुणासाठी तापवतीस?"

"गळतो का बघते."

"रोज?"

"रोज गळू शकतो."

मलमाचं डोकं खरोखर दुखायचं. लावायचं कुठे आणि ठणकायचं कुठे! कपाळाला फडकं बांधून पडून राहायचे, तर मालक म्हणायचे, पाठीचं आता डोक्यात गेलं वाटतं. पण गुण येत होता. चार-पाच दिवस बरे जायचे, वाटायचं, भरली एकदाची. आणि मग पुन्हा काटा, पुन्हा लाल. पुन्हा पहिल्यापासून. दर आठवड्याला हेच. मी वैतागून मलमाच्या ट्यूबशी बोलायला लागले होते.

खुणांचं मी फार हुशारीने केलं होतं. आमच्या घरी दूध आलं नाही, म्हणजे खाडा झाला, की कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करायची पद्धत सासूपासूनची. मीही पेन्सिलीने गोलच करत गेले. कुणाला संशय यायला नको. स्वतःच्या चतुराईवर मी खूष होते.

दूध आम्हाला घालायची ती गावाच्या वरच्या अंगाला राहणारी. नवरा मेंढरं घेऊन रानोमाळ, आणि ही घरी दोन म्हशी सांभाळून. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, पण तोंड माझ्या दुप्पट. एका सकाळी अंगणातून हाक आली.

"अवो वैनी! भायेर या!"

बाहेर आले. किटली खाली ठेवून कमरेवर हात.

"म्या दर मंगळवारी खाडा करते व्हय? तुमचे पाटील मला चार मानसांत म्हनले. पावसापान्याचं, अंगात ताप असताना बी दूध घातलंय म्या. दावा तुमचं कॅलेंडर!"

मी काही म्हणायच्या आत ती स्वयंपाकघरात शिरली आणि खिळ्यावरून कॅलेंडर काढलं. आमच्या कॅलेंडरावर वार आडव्या ओळीत असतात. तिने बोट ठेवलं आणि सरकवत नेलं.

"हे बघा. मंगळवार. मंगळवार. मंगळवार. ह्यो एक बुधवार. म्होरं पुन्हा मंगळवार. या मंगळवारी तर म्या खरवस आनलाता! कावून गोल केलाव तुमी?"

"ते दुसरं काहीतरी आहे गं."

"दुसरं काय? मला लबाड ठरवायचं अन् दुसरं काय?"

तिचे डोळे भरले होते. मी सहा महिने सगळ्या दुनियेला उसण सांगितली होती, पण तिच्या इमानाचं पांघरूण करून माझ्या बुडावर घालायला जीभ वळेना. तिला दार लावायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. अंगठी, डॉक्टरीण, मलम, बदक.

ती पदर तोंडात कोंबून अशी हसली की किटलीवरचं झाकण पडलं.

"मला बी झालतं धाकट्याच्या टायमाला," ती म्हणाली. "मलम लावूनच ग्येलं. पर तुमचं मंगळवारीच कावून?"

"मला काय माहीत? मंगळ तापट असतो."

"सोमवारी काय करता?"

"सोळा सोमवार धरलेत ना. उपास."

"पानी?"

"निर्जळ. संध्याकाळी चुरमा खाताना तेवढं."

"अन् ती इसबगोल?"

"ती चुरम्यात बसत नाही ना. सोमवारी सोडते. सिरपही."

"उपास कशापायी धरलाय?"

"हे बरं व्हावं म्हणून."

एखादी मेंढी त्याच काटेरी कुंपणात चौथ्यांदा मान घालते तेव्हा तिच्याकडे बघावं, तशी ती माझ्याकडे बघत राहिली.

"अवो वैनी, मेंढीला एक दिस पानी न्हाई दावलं तर दुसऱ्या दिवशी लेंडी दगडावानी पडती. येवढं तर आमच्या पोराटोरांस्नी म्हाईत हाय. अन् तुमी शाळा शिकलेल्या!"

मी कॅलेंडर हातात घेतलं. एका ओळीत गोल, शेजारी शेजारी, मण्यांसारखे. मीच ओवलेले. सोमवारी मी देवाकडे मागायचे आणि मंगळवारी ते माझ्याच हाताने फाडायचे. दहा आठवडे. अशा वेळी तुम्ही कुणावर वैतागाल? मी महादेवावर वैतागले, जाऊबाईंवर वैतागले, गुलाबी बदकावरसुद्धा वैतागले. जिच्यावर वैतागायचं ती आरशात होती, तिथे बघायला धीर होईना.

दूधवालीचं आधी निस्तरायला हवं होतं. मालकांना खरं सांगितलं. ते कॅलेंडरकडे बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे तो टब गळत नव्हता."

"नव्हता."

"मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलं ना पाठ कशी आहे? पाठ बरी होती."

ते स्वतः तिच्या गोठ्यावर गेले, ज्या चौघांसमोर बोलले त्यांनाच घेऊन. म्हणाले, चूक झाली, ते गोल दुसऱ्या कशाचे होते. ती म्हणाली, "म्हाईत हाय मला कशाचे ते." माजी सरपंच कानापर्यंत लाल होऊन परत आले. जिल्हा परिषदेत पडले तेव्हासुद्धा इतके लाल झाले नव्हते.

पण सोमवारांचं काय करायचं? दहा झाले होते. मी जाऊबाईंना सांगितलं, आता सोडते. त्यांचा चेहरा एकदम उतरला. टोमणा नव्हता त्यात, खरंच घाबरल्या होत्या.

"अर्धं सोडू नगं गं. उलटतं. घरात बाळंतपण हाय."

झालं. आता माझं बूड एकीकडे आणि लेकीचं बाळंतपण एकीकडे. डॉक्टरणीला फोन केला तर त्या म्हणाल्या, "आजी, मी विचारलं होतं ना?" आणि मग शांतपणे, "उपास करा हवा तर. पण पाणी आणि औषध एकही दिवस सोडायचं नाही." त्यांना सोपं होतं बोलायला. उलटलं तर ते काही त्यांच्या लेकीवर उलटणार नव्हतं. चार दिवस मी नीट जेवले नाही, म्हणजे पुन्हा तेच. माझ्या डोक्यात एक धागा सरळ जाईल तर शपथ.

अकराव्या सोमवारी सकाळी देवळात गेले. बाकीच्या बायका बसलेल्या, मी खांबाला धरून उभी. घसा कोरडा, ऑक्टोबरचं ऊन आतपर्यंत आलेलं. काय बोलावं ते सुचेना म्हणून नुसती पिंडीकडे बघत राहिले. वर तांब्याची गळती टांगलेली. तिच्यातून थेंब थेंब पाणी पिंडीवर पडत होतं. टप. टप. मी चाळीस वर्षं त्या देवळात जाते. ती गळती मी कितीतरी वेळा घासून लख्ख केली आहे, भरली आहे, आटली म्हणून पुजाऱ्याशी भांडले आहे. त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं: याला दिवसभर पाणी लागतं. एक घटका आटलेलं चालत नाही. आणि याच्यासाठी मी कोरडी राहायची?

मी घरी आले. जाऊबाई भिंतीशी उभ्याच होत्या, मी काय करते ते बघायला. मी त्यांच्या समोर माठातून तांब्या भरला आणि गटागटा प्याले. सकाळचे दहा वाजले होते.

"अगं, मोडला!" त्या ओरडल्या.

"मोडला नाही. त्याच्या डोक्यावर दिवसभर पाणी सोडता ना? माझ्या पोटात सोडते. चुरमा संध्याकाळीच खाईन. सोळा पुरे करीन. पाणी पिऊन आणि इसबगोल घेऊन करीन."

"मी न्हाई धरायची त्ये सोळात."

"तुम्ही नका धरू. तुम्हाला थोडीच बोलले होते मी नवस."

बोलून तर गेले. मनात म्हटलं, देवा, उलटवायचं तर माझ्यावर उलटव, तिच्यावर नको. माझं नाहीतरी उलटलेलंच आहे.

मंगळवारी गोल नव्हता. त्याच्या पुढच्या मंगळवारी एक पुसटसा होता. मग नव्हता. एकदम बरं झालं असं मुळीच नाही. दिवाळीत लेक आली, तिच्यासाठी केलेल्या चकल्या मीच जास्त खाल्ल्या आणि चार दिवस मागे गेले. एकदा दुखेना म्हणून मलम सोडलं आणि आठ दिवस मागे गेले. लेकीने टब पाहिला आणि म्हणाली, "आई, बाळाच्या टबाला हा पिवळा डाग कसला?" मी म्हटलं, मलमाचा. तिला सांगितलं तर ती हसायच्या ऐवजी रडायला लागली, की सहा महिने एकटी कशाला सोसत बसलीस. गरोदर बाईचं रडं, मलाच तिला पाणी पाजावं लागलं. मीही प्याले. बाळासाठी दुसरा टब आणला. निळा, बिनबदकाचा.

सोळावा सोमवार पाणी पिऊन पार पडला. मार्गशीर्षात मुलगी झाली. सगळं सुखरूप. काही उलटलं नाही.

पण पहिलं न्हाऊ त्यांनीच घातलं. डॉक्टरणीने सांगितलं होतं, भरत आली आहे, आणखी तीन आठवडे खाली टणक जागी बसायचं नाही. म्हणून मोरीच्या दारात मी उभी. हातात टॉवेल. पस्तीस वर्षांनी तोच टॉवेल, तीच मोरी, तेच पाय पसरलेले. त्या मला म्हणाल्या, "धर." मी धरलं. दात आवळले, बाकी काही आवळायची मला मनाई होती.

तीन आठवड्यांनी अंबाजोगाईला जाऊन आले, जाताना आणि येताना दोन्ही वेळा एसटीत बसून. कंडक्टर तोच होता की नाही कोण जाणे, मी त्याला उगाच हसून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाई पदर खोचून आल्या तेव्हा मी पाटावर बसलेली होते. पाय पसरलेले. खाली उशी ठेवली होती, खोटं कशाला सांगू.

त्यांनी पाहिलं. खुंटीवरचा टॉवेल काढला आणि दारात उभ्या राहिल्या.

"मान धर नीट," एवढंच म्हणाल्या.

मी नातीला पोटरीवर पालथी घेतली. तेल लावलेली, मऊ, माशासारखी सुळसुळीत. घसरली नाही. पाठीवर पहिलं कोमट पाणी सोडलं तशी तिने मुठी आवळल्या, तोंड लालबुंद केलं, एक क्षण जरासं कण्हली, आणि माझ्या खांबासारख्या पायांवर पिवळंधम्मक, पातळ, कढत असं सगळं एका दमात सोडून दिलं. ना कुंथणं, ना रडणं. मग हातपाय सैल सोडून निवांत.

जाऊबाई "अगं बाई!" म्हणत टॉवेल घेऊन पुढे धावल्या. मी हाताने त्यांना थांबवलं.

"राहू द्या," मी म्हणाले. "बघू द्या मला जरा. किती सहज जमतं हिला!"